दुपटं कोण गुंडाळायचं?

आधीच सांगते, कमेंटमध्ये उपाय सुचवू नका. मीठ-मोहरी, काळा धागा, कुठल्यातरी महाराजांचा नंबर... काही नको. आमच्या घरात लिंबू सरबतासाठी येतं आणि मिरची ठेच्यासाठी. दोन्ही एकत्र करून दाराला टांगायची पद्धत नाही. मी बौद्ध घरातली. माझ्या पणजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा घरातून नवस, अंगारे, भगत जे बाहेर गेलं ते परत उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. सासरही तसंच. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही, असं डेव्हलपरला तोंडावर सांगणं हीच माझी नोकरी आहे.

तर असल्या बाईने या भुताखेतांच्या ग्रुपवर लिहायला बसावं ही मुळातच लाजेची गोष्ट. पण मला लाज वाटते ती त्याची नाही. इथे बरेच जण लिहितात की आम्ही घाबरलो, थरथरलो, ताप भरला. मी घाबरले नव्हते. घाबरले असते तर बरं झालं असतं, निदान आई म्हणून काहीतरी इज्जत राहिली असती.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, दुसरा मजला. दार उघडलं की हॉल. हॉलमध्ये दिवाण आणि दिवाणाच्या बरोब्बर समोर आमच्या बेडरूमचं दार. बेडरूमला खिडकी एकच, तिला ग्रिल आणि ग्रिलला बाहेरून कबुतरांसाठी लावलेली जाळी. एवढं नकाशासारखं सांगतेय कारण आमच्या खोलीत यायचं तर दिवाणावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोरून यावं लागतं. आणि दुपारी दिवाणावर माझ्या सासूबाई असायच्या. त्या सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्या. बोलणं मोजकं, टोमणा कायम तयार. त्यांच्या नजरेतून अख्ख्या खात्यातली एकही फाईल सुटली नाही, माणूस काय सुटणार. मी त्यांना आईच म्हणते.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मला मुलगी झाली. सिझेरियन. नर्सने पुसूनबिसून तिला माझ्या गालाशी आणलं. "बघा तरी मॅडम, किती गोड आहे!" मी बघितलं. आणि मला... काहीच वाटलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. बसमध्ये अनोळखी बाईने "जरा धरता का हो" म्हणून आपलं पोर आपल्या मांडीवर द्यावं, तेवढंच.

म्हटलं, भूल उतरली की वाटेल. घरी गेल्यावर वाटेल. दूध आलं की वाटेल. भूल उतरली, घरी आलो, दूधही आलं. निखिल, माझा नवरा, तिला बघून ढसाढसा रडला आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत "हो ना रे, हो ना" करत बसले. व्हॉट्सॅप स्टेटसला तिच्या मुठीचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'ब्लेस्ड'. आपल्याकडे बाळंतिणीला रडू येतं, चिडचिड होते, हे लोक समजून घेतात. पण पोटच्या पोराबद्दल काही वाटतच नाही, हे बोलायची सोय नाही. मी कुणालाच बोलले नाही.

माझी मम्मी नागपूरहून बाळंतपणाला आली होती, पण पप्पांना छातीत दुखायला लागलं आणि तिला धावत परत जावं लागलं. मग रोज फोन.

"काऊन वं, झोपते का नाही पोरगी?"

"झोपते गं."

"अन् तू?"

"मी पण."

"पाजून राहिली ना बराबर?"

"हो मम्मी, हो." मी पाजत होते. वेळच्या वेळी, डॉक्टरांनी सांगितलं तसं. कामात मी चोख आहे.

निखिलची कंपनी चाकणला. तो उजाडायच्या आत बस पकडायचा, घरी यायचा तेव्हा पेंगत असायचा. दिवसभर आई आणि मी. बाळाची आंघोळ, माझा शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं आई एकटीने ओढत होत्या. दुपारी सगळं आवरलं की पेपर घेऊन दिवाणावर आडव्या व्हायच्या. मी आत. बाळाचा पाळणा खिडकीपाशी, माझा पलंग पलीकडच्या भिंतीला. टाके ओले होते. उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर यायचं, मग पलंगाची कड धरून "आई गं" करत उभं राहायचं. पाळण्यापर्यंत जाणं हा एक प्रवासच होता.

त्या दुपारी ती रडायला लागली. पाजलं होतं, ढेकर काढला होता, लंगोट कोरडा होता. म्हणजे माझ्या मते तक्रारीला जागाच नव्हती. मी भिंतीकडे तोंड केलं. "रड," म्हटलं. मनात नाही हं, चक्क तोंडाने म्हटलं. आणि ती रडत असतानाच मला झोप लागली.

जाग आली तेव्हा खोलीत चिडीचूप. मान वळवून बघितलं, तर ती झोपलेली, आणि दुपट्यात गुंडाळलेली. झोपताना ती मोकळी होती, दुपटं पायाशी होतं. आमच्याकडे आई बाळाला गुंडाळायच्या ते दोन्ही हात आत घालून, सरळ, पोळीच्या रोलसारखं. हे वेगळंच होतं. उजवा हात बाहेर काढून गालापाशी ठेवलेला. एक टोक डोक्यावरून पदरासारखं घेतलेलं. आणि शेवटचं टोक पिळून पाठीमागे असं खोचलेलं की ते सुटतही नाही आणि रुततही नाही. मला वाटलं, आई आत येऊन गेल्या. थोडं वाईटही वाटलं, की सून पोराला रडत ठेवून घोरत होती हे त्यांनी पाहिलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आल्या. पाळण्यात वाकून बघितलं आणि थबकल्या.

"हे कुठे शिकलीस गं?"

"काय?"

"हे गुंडाळणं. मी दोन पोरं वाढवली, पण इतकं टापटीप मला बापजन्मात जमलं नाही. यूट्यूब का?"

आता बघा, इथे मी काय म्हणायला हवं होतं? 'आई, हे मी नाही केलं.' एवढं एक वाक्य. पण त्या पहिल्यांदाच माझ्याकडे अशा बघत होत्या... कौतुकाने. आणि मला आतून इतकं रिकामं वाटत होतं की ते कौतुक मी उपाशी माणसासारखं गिळलं.

"हं," मी म्हटलं.

आईंनी लगेच फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या प्रज्ञाची करामत.' तिकडून हार्टांचा पाऊस. माझी नणंद स्मिता कोथरूडला असते, तिला तेव्हा सातवा लागला होता. तिचा लगेच फोन, "वहिनी, मला शिकवायचं हां! मी तर घाबरूनच गेलेय सगळ्याला."

"शिकवीन की," मी म्हटलं. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही.

मग ते रोजचंच झालं. ती दुपारी रडायची, मी भिंतीकडे वळायचे, झोप लागायची, आणि जाग यायची तेव्हा ती गुंडाळलेली. कधी लंगोट बदललेला असायचा, आणि ओला लंगोट खिडकीच्या कट्ट्यावर चौकोनी घडी घालून ठेवलेला. ओल्या लंगोटाची कोणी घडी घालतं का? आमच्या घरात तरी तो बादलीत भिरकावला जातो.

मी टेस्टर आहे, म्हणून गप्प बसले नाही. गप्प बसले, पण टेस्टरसारखी बसले म्हणा. एकदा सहज विचारलं, "आई, दुपारी तुम्ही आत आला होतात का?"

"मी कशाला येऊ? तू झोपलेली असतेस. आणि माझे गुडघे बघ जरा, एकदा टेकले की तासभर उठायचं नाव नाही."

निखिल घरात नसायचा. बाहेरच्या दाराला आतून कडी. राहिले मी. म्हणून एकदा आई स्वयंपाकघरात असताना मी ते दुपटं हलक्या हाताने सोडून बघितलं, कसं केलंय ते नीट लक्षात ठेवत, आणि पुन्हा तसंच गुंडाळायला गेले. नाही जमलं. डोक्यावरचं टोक धरावं तर पाठीमागचं सुटायचं. शेवटी कसंतरी बोचकं केलं. म्हणजे मीसुद्धा नाही. माझ्या नोकरीत अशा वेळी आम्ही तिकिटावर, म्हणजे चुकीच्या नोंदीवर, लिहितो, 'कारण अज्ञात, नजर ठेवा.'

तर नजर ठेवायची म्हणून मी एकदा डोळे मिटून जागी राहिले. बाहेर आई फोनवर गॅस एजन्सीवाल्याला फैलावर घेत होत्या, शब्द न् शब्द ऐकू येत होता. ती रडायला लागली. मी हलले नाही. थोड्या वेळाने पाळण्याच्या कडीचा बारीक आवाज झाला. आणि मग थोपटण्याचा आवाज. थप... थप... थप... सुती कपड्यावर पालथा हात पडतो ना, तसा. अगदी सावकाश, ज्याला कसली घाई नाही अशा माणसाचा. रडणं हळूहळू उतरत गेलं आणि मग तिचा तो बारीक उसासा ऐकू आला. बाहेर आई म्हणत होत्या, "तुमच्या साहेबांना द्या फोन."

माझ्या पाठीमागे चार हातांवर माझं बाळ कुणाच्या तरी हाताखाली होतं. कोणाच्या, ते मला माहीत नव्हतं. वळून बघायचं होतं फक्त. कुठलीही आई उठली असती, टाके उसवले असते तरी उठली असती.

मी पांघरूण वर ओढलं. मला वाटलं, चला, कोणीतरी बघतंय तिच्याकडे. आणि मी झोपले. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली.

हे लिहिताना माझे कान गरम झालेत. पण याहून पुढचं आहे. दुसऱ्या दिवशी मी मोबाईल उशीला टेकवून पाळण्याकडे कॅमेरा करून ठेवला. रेकॉर्डिंग चालू केलं. ती कुरकुरायला लागली तसा माझ्या डोक्यात विचार आला, उद्या यात काही दिसलं तर? दिसलं तर निखिलला दाखवावं लागेल. मग पाळणा हॉलमध्ये जाईल. आई माझ्या उशाशी बसतील. दुपारची झोप गेली, कौतुक गेलं, आणि मग ती माझ्या एकटीच्या गळ्यात. मी हात लांब करून रेकॉर्डिंग बंद केलं आणि जे झालं होतं तेही डिलीट केलं. पुरावा मागणाऱ्यांना एवढंच सांगते, पुरावा माझ्या हातात आला असता. मीच नको म्हटलं.

दरम्यान माझी कीर्ती वाढत होती. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या की आई मुद्दाम सांगायच्या, "पहिलटकरीण वाटते का हो? जन्मजात आहे." मी मान खाली घालायचे. त्यांना वाटायचं लाजतेय. लाजतच होते म्हणा.

आणि मग एक गोष्ट मला खुपायला लागली. पाजताना ती माझ्याकडे बघायची नाही. या वयात बाळांना धड दिसत नाही, हे मी वाचलंय, उगाच शिकवू नका. पण तिची मान वळायची ती पाळण्यापलीकडे, खिडकी आणि कपाट यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे. तिकडे बघत बघत ती दूध प्यायची. मी हनुवटीला बोट लावून तोंड माझ्याकडे केलं तर भोकाड पसरायची. मला राग आला. तिचा नाही... त्या जागेचा. इतके दिवस काहीच वाटत नव्हतं, आणि पहिल्यांदा काही वाटलं ते हे. जळफळाट! आपलं काम दुसऱ्याला करायला लावायचं आणि वर त्याच्यावरच जळायचं, असला माझा प्रकार.

एका रविवारी नामकरण ठेवलं. हॉलमध्ये पांढरी चादर, बुद्धमूर्तीपुढे फुलं, मेणबत्त्या. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. नाव आईंनी ठेवलं होतं, मेत्ता. भन्तेजींनी अर्थ सांगितला, की मेत्ता म्हणजे कुठलीही अपेक्षा न ठेवता केलेली माया, आई आपल्या एकुलत्या लेकराला जपते तशी. सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

जेवणं झाली. बायका आतल्या खोलीत जमल्या. स्मिता पोटावर हात ठेवून पलंगावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, आता मी सोडणार नाही. दाखव गुंडाळून."

"आत्ता कशाला? झोपेल ती."

"अगं दाखव ना! मी व्हिडिओच काढते, म्हणजे नंतर विसरायला नको."

आई दारातून म्हणाल्या, "दाखव गं. एवढा काय भाव खातेस?"

दुपटं पलंगावर पसरलं. मेत्ताला त्यावर ठेवलं. आठ-दहा बायका वाकून बघतायत, स्मिताचा मोबाईल माझ्या हातांवर. मी उजवा हात बाहेर काढला. एक टोक घेतलं. दुसरं घेतलं. पहिलं सुटलं. पुन्हा घेतलं. मेत्ता लालबुंद होऊन किंचाळायला लागली. कोणीतरी म्हणालं, "सगळ्यांसमोर गडबडली बिचारी." कोणीतरी म्हणालं, "अगं, उलटं धरलंस का?" मी तिचा हात आत कोंबला, तो तिने बाहेर काढला, मी पुन्हा कोंबला. जोरात कोंबला. ते स्मिताने पाहिलं आणि मोबाईल खाली घेतला.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"होतं असं, शांत हो जरा..."

"नाही स्मिता. मला येतच नाही. मी कधीच नाही गुंडाळलं तिला. एकदाही नाही."

मग स्मिताने विचारलं, "मग कोण गुंडाळायचं?"

"माहीत नाही."

खालच्या मजल्यावरच्या काकू लगेच सरसावल्या, "अहो, पाचवीचं काही केलं नव्हतंत ना तुम्ही? सटवाई म्हणजे..."

"काकू," आई म्हणाल्या, "चहा ठेवलाय बाहेर. निवतोय." सगळ्या बायका गुपचूप बाहेर गेल्या. आईंनी दार लावलं, मेत्ताला उचललं, खांद्यावर घेतलं आणि माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता आपली काही खैर नाही.

"बोल."

मी सगळं सांगितलं. नर्सपासून ते डिलीट केलेल्या रेकॉर्डिंगपर्यंत. मला काही वाटत नाही हेही सांगितलं. पहिल्यांदाच ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि इतके घाणेरडे वाटले की मी ओढणीत तोंड लपवून रडले.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही कौतुक करत होतात, आई."

त्यांनी मेत्ताला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, "निखिल झाला तेव्हा मला वाटायचं, हा माझा नाहीच, हॉस्पिटलात बदलला. मीही कुणाला बोलले नव्हते. त्या काळी बोलून उपयोगही नव्हता. आता आहे. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"आणि ते... ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"गुंडाळणारं."

"तूच करत असशील. अर्धवट झोपेत."

"आत्ता बघितलंत ना तुम्ही, मला येतं का ते!"

त्यांनी खिडकी आणि कपाट यांच्या मधल्या जागेकडे एकदा बघितलं. मी त्या जागेचं सांगितलं होतंच. मग म्हणाल्या, "उद्या दुपारपासून मी इथे खुर्ची टाकून बसणार. बघू कोण येतंय."

डॉक्टर चांगल्या होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली, बोलायला एक समुपदेशक दिली. बायकांनो, माझ्यासारखं कुणाचं होत असेल तर आधी तिकडे जा, इथे नंतर या. अर्धवट झोपेत माणूस काहीही करू शकतं, असं डॉक्टरही म्हणाल्या. टाक्यांचं विचारलं तर म्हणाल्या, झोपेत वेदना कळत नाहीत. असेल. स्मिताला पुढे मुलगा झाला, तेव्हा तिने फॅमिली ग्रुपवरच्या त्या फोटोत बघून बघून दुपटं तसंच गुंडाळायचा प्रयत्न केला. मला म्हणाली, "वहिनी, एक हात कमी पडतो गं. टोक धरायला कोणीतरी पाहिजे." मी विषय बदलला.

आई बोलल्याप्रमाणे खुर्ची टाकून बसल्या. पेपर, चष्मा, पाण्याची बाटली. कोणी आलं नाही. पुन्हा कधीच नाही. थोपटणं नाही, घडी घातलेला लंगोट नाही.

आणि मेत्ता मात्र रोज त्या वेळेला रडायची. आधीचं रडणं वेगळं होतं, ते भुकेचं नाहीतर पोटदुखीचं. आता ती रडायची, थांबायची, त्या मोकळ्या जागेकडे मान करायची, आणि मग पुन्हा. आई घ्यायच्या, निखिल सुट्टी काढून घ्यायचा, मी घ्यायचे. कुणाकडेच ती राहायची नाही. "गॅस असेल," आई म्हणायच्या. डॉक्टरांनी थेंब दिले. थेंबांनी काही फरक पडला नाही.

आता शेवटचं. हे मी निखिललाही सांगितलेलं नाही. सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच.

स्मिताला कळा सुरू झाल्या आणि आई रिक्षा करून कोथरूडला गेल्या. नामकरणानंतर पहिल्यांदाच दुपारी मी घरात एकटी होते. टाके आता सुकले होते, मी नीट चालत होते. मेत्ता त्याच वेळेला रडायला लागली. मी उठले, तिच्याजवळ गेले... आणि तिला न उचलता बाहेर आले. दार ओढून घेतलं. हॉलमध्ये दाराशी उभी राहिले.

मी वाट बघत होते. बघायचं नव्हतं मला काही, फोनही नव्हता हातात. तिला जे हवं होतं ते तिला मिळू दे, एवढंच. ज्या घरात कधी कुणापुढे नवस बोलला गेला नाही, त्या घरात मी बंद दाराशी हात जोडून उभी होते आणि कुजबुजत होते, "या ना. मी बोलले ते चुकलं. आता नाही सांगणार कुणाला. शप्पथ. या ना हो."

कोणी आलं नाही. ती रडत राहिली. आवाज बसायला लागला. मध्ये थांबली तसा मी श्वास रोखला, आलं वाटतं म्हटलं. पण ती नुसती दम घेत होती. पुन्हा सुरू.

मग मी दार उघडून आत गेले.

तिचं तोंड ओलंचिंब झालं होतं आणि मान तिकडे वळलेली. मी तिला उचललं आणि मला एकदम तिची कणव आली. इतकी आली की मी खालीच बसले. एवढंसं पोर, आणि तिचं कोणीतरी गेलंय, आणि ते कोण हे सांगायला तिच्याकडे शब्दसुद्धा नाहीत. "नाही येत गं ते आता," मी तिला सांगत होते. "नाही येत. मीच आहे." ती गप्प झाली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी आईंचा फोन आला, मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत म्हणून, तेव्हाही ती माझ्या मांडीवर हुंदके देत होती आणि मी तिची माफी मागत होते.

यथावकाश ते रडणं थांबलं. मेत्ता आता घरभर पळते, मी बाथरूमला गेले तरी दार वाजवते, लोक तिला आईवेडी म्हणतात. ते कोण होतं, का यायचं, माझ्या बोलण्याने गेलं की त्याचं काम झालं म्हणून गेलं, यातलं मला आजही काही म्हणजे काही माहीत नाही. आई विचारलं की अजून म्हणतात, तूच होतीस. मला तसं मानता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते थोपटणं मी जागी असताना ऐकलंय, आणि त्या दुपारी मी दाराबाहेर उभी होते तेव्हा आत कोणी नव्हतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हापासून बिचारीला माझ्यावरच भागवावं लागतंय.